प्रकल्प नोंदी: तापणारा, घरघरणारा आणि मध्येच पुन्हा सुरू होणारा डेस्कटॉप

६ एप्रिल २०२५

ज्या डेस्कटॉपसाठी ही वही उघडली आहे, तो मी २०२१च्या अखेरीस सुटे भाग आणून स्वतःच जोडला. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्यावर चार हीटपाइपचा उभा कूलर, ८ जीबीच्या दोन रॅम, एक ८ पिनी जोडणीचे ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), एक एसएसडी, जुन्या फायलींसाठी मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटला १२० मिलिमीटरचे तीन पंखे: दोन पुढून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. तीन वर्षे यंत्राने कधी कुरकूर केली नाही. गेल्या महिन्यापासून मात्र तीन तक्रारी एकदम आहेत. व्हिडिओ रेंडरला (म्हणजे त्याची अंतिम फाइल बनवायला) लावला की प्रोसेसर फार तापतो, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता यंत्र मध्येच पुन्हा सुरू होते. यंत्र मुख्यतः धाकटी बहीण वापरते. दिवसातून चारपाच वेळा तिच्या खोलीतून ‘दादा, परत गेला’ एवढीच हाक येते आणि तासाभराचे रेंडर वाया गेलेले असते.

माझा अंदाज आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर तो सोयीस्करपणे बदलता येणार नाही: धूळ साचली आहे, त्यामुळे प्रोसेसर तापतो, तापल्यामुळे पंखे ओरडतात, आणि ताप असह्य झाला की यंत्र पुन्हा सुरू होते. एक कारण, तीन परिणाम. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच व्हिडिओचे अर्ध्या तासाचे रेंडर चालवून मोजमाप घ्यायचे, असे ठरवले आहे.

७ एप्रिल

कशालाही हात लावण्यापूर्वी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडून पाहिला. प्रत्येक वेळेला ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आहे. ही नोंद वाचून एसएमपीएस बदलायला धावणारे पुष्कळ असतात, पण ती कारण सांगत नाही. यंत्र नीट बंद न होता पुन्हा चालू झाले, इतकेच विंडोज पुढच्या वेळी जागे झाल्यावर लिहिते. घटना घडून गेल्यावर पोहोचलेल्या माणसाचा तो जबाब आहे. उपयोगाची ओळ तपशिलात असते: तिथे बगचेककोड ० आहे. विंडोज बिघडल्यावर दाखवते तो निळा पडदा येऊन यंत्र कोसळले असते तर तिथे सहसा शून्याखेरीज दुसरा आकडा मिळाला असता. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरचीही एकही नोंद नाही.

खात्रीसाठी, बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू होण्याची विंडोजची सोय बंद केली, जेणेकरून निळा पडदा येत असेल तर तो समोर थांबून राहील. संध्याकाळी यंत्र पुन्हा दोनदा गेले आणि निळा पडदा एकदाही आला नाही. म्हणजे विंडोजला मरतानाही काही कळत नाही. जे होते ते तिच्या खालच्या थरात होते.

९ एप्रिल

आज तापमाने घेतली. खोली ३१ अंश सेल्सिअस. यंत्र नुसते बसलेले असताना प्रोसेसर ५२. रेंडर सुरू केल्यावर बाराव्या मिनिटाला ९४, आणि तिथून पुढे तापमान वाढण्याऐवजी प्रोसेसरचा वेग उतरू लागला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, त्यामुळे तो स्वतःला आवरतो आहे हे उघड आहे. कूलरचा पंखा मिनिटाला २,०५० फेऱ्यांवर, पुढचे दोन्ही १,५०० वर, म्हणजे सगळे कमाल गतीवर होते. नुसता ९४ हा आकडा पुढे फसवा ठरेल, कारण खोली रोज सारखी नसते. म्हणून वहीत प्रत्येक ठिकाणी खोलीच्या वरचा फरक लिहितो. आजचा फरक ६३.

मग डावीकडचा पत्रा काढून हेच पुन्हा केले. फरक ५७ वर आला, पंखे किंचित मंदावले आणि संपूर्ण संध्याकाळभर यंत्र एकदाही पुन्हा सुरू झाले नाही. ताप हेच कारण, हे आता सिद्ध झाले असे मानतो.

१२ एप्रिल

सफाई. पुढच्या जाळीमागचा फिल्टर काढला तेव्हा त्यावर धुळीचा थर नव्हता, नमदा होता. नखाने कड उचलली तर सगळा एकसंध निघून आला. कूलरच्या पात्यांमध्येही पंख्याच्या बाजूने तसाच पडदा तयार झाला होता. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या गतीच्या कितीतरी पुढे फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला ते सोसत नाही.

सफाईनंतर खोली ३०, प्रोसेसर ८४, फरक ५४. चांगला उतार आहे, वेगही आता उतरत नाही. पण चाळिसाव्या मिनिटाला यंत्र पुन्हा सुरू झालेच, आणि इथे माझ्या अंदाजाला पहिला तडा गेला. ८४ म्हणजे मर्यादेच्या ११ अंश खाली. शिवाय प्रोसेसरची रीत अशी असते की, मर्यादेला पोहोचल्यावर तो आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्याने न भागता तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढलेच, तर यंत्र बंद करायला लावतो. बंद म्हणजे बंदच. बटण दाबल्याशिवाय ते उठत नाही. आमचे यंत्र बंद पडत नाही, ते पुन्हा सुरू होते. हा फरक पहिल्या दिवशीच खटकायला हवा होता.

१३ एप्रिल

तरीही तापाचे काम अर्धवट सोडायचे नाही, म्हणून कूलर उतरवला. आधी दहा मिनिटे रेंडर चालवून, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट कोमट केली, मग वीज काढून कूलर सरळ वर न ओढता डावीउजवीकडे हलका पिळून सुटा केला. वाळलेल्या पेस्टने धरलेला प्रोसेसर कूलरसोबत सॉकेटमधून उपटून येण्याची भीती असते, आणि वाकलेल्या पिना सरळ करण्याचा उद्योग मला नको होता.

तळ पाहिल्यावर उत्तर समोर होते. प्रोसेसरच्या झाकणावर पेस्टचा ठसा एका कडेला कागदासारखा पातळ, आणि समोरच्या कडेला जाडसर, भेगाळलेला व खडूसारखा कोरडा होता. कूलर दोन स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो. त्यातला एक पूर्ण खाली टेकलेला होता. दुसरा दोन आटे आधीच अडकला होता, कारण त्याची स्प्रिंग वॉशरखाली तिरकी बसली होती. हे काम २०२१मध्ये माझ्याच हातून झालेले आहे. एक स्क्रू आधी पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळण्याची घाई केली की असेच होते. नवी असताना पेस्टने ती फट भरून काढली असावी. पुढे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत ती कडेकडेला सरकली, उरलेली वाळली आणि फटीत हवा शिरली. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात हजारो पटींनी कमी पडते, त्यामुळे केसाएवढी फटही महागात पडते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोनदोन फेरे देत शेवटपर्यंत नेले. खोली ३०, प्रोसेसर ७३, फरक ४३. सुरुवातीपासून २० अंशांचा उतार पडला. रात्री उशिरापर्यंत यंत्र गेले नाही. पुढचे काही दिवस नुसते पाहायचे.

१८ एप्रिल

पाच दिवसांत दोनदा गेले. पूर्वी दिवसाला चारपाच, आता दोन-तीन दिवसांतून एकदा. आकडा उतरला, पण रोग गेला नाही. आजच्या वेळी तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम चालू होता, आणि त्याची शेवटची ओळ ६१ अंशांची आहे. ६१ अंशांना कोणताही प्रोसेसर घाबरत नाही.

संशय आता एसएमपीएसवर. मल्टिमीटर घेऊन हार्ड डिस्कच्या केबलवरील मोकळ्या जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारांमधले व्होल्टेज मोजले: नुसते बसलेले असताना १२.०९, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही कामाला जुंपल्यावर ११.८७. १२ व्होल्टच्या वाहिनीला ५ टक्के इकडेतिकडे जाण्याची मुभा असते, म्हणजे ११.४० ते १२.६०, त्यामुळे हे आकडे निर्दोष आहेत. मात्र साधा मल्टिमीटर सेकंदातून काहीच वेळा वाचन घेतो, आणि ग्राफिक्स कार्डाचे झटके मिलिसेकंदांत येऊन जातात. एसएमपीएस करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत बोर्डाला सतत देत असतो. तो संकेत क्षणभर जरी पडला तरी बोर्ड यंत्राला नव्याने सुरुवात करायला लावतो, आणि मल्टिमीटरच्या पडद्यावर त्याचा मागमूसही राहत नाही. तेव्हा मल्टिमीटरने एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. फक्त ढोबळ दोष नाही एवढेच कळते.

एसएमपीएसचे झाकण उघडणार नाही. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपासचा भार असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जिथे तपासण्यापेक्षा बदलून पाहणे सुरक्षित, तिथे बदलून पाहावे.

२० एप्रिल

मित्राकडून ६५० वॅटचा एसएमपीएस दोन आठवड्यांसाठी मागून आणला, त्याच्या सगळ्या केबलसकट. केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये बोर्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते. एकाची केबल दुसऱ्याला बसली म्हणून लावली आणि डिस्क जळाली, असे प्रकार होतात. म्हणून माझ्या केबल पूर्ण काढल्या आणि उसना एसएमपीएस कॅबिनेटबाहेर टेबलावर ठेवून जोडला.

एकोणीस तास चालला. विसाव्या तासात ‘दादा, परत गेला’.

२२ एप्रिल

रॅमची वाढीव गती बायोसमधून (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधून) काढून ती मूळ गतीवर आणली आणि रात्री पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ लावून झोपलो. ही चाचणी विंडोजशिवाय स्वतंत्र चालते. सकाळी पाहिले तर चुका शून्य. वही मिटणार होतो, तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले: चाचणी सुरू होऊन २ तास १० मिनिटे. मी ती साडेसात तासांपूर्वी लावली होती. रात्रीत कधीतरी यंत्र पुन्हा सुरू झाले, पेन ड्राइव्ह आत असल्यामुळे चाचणी आपोआप पहिल्यापासून लागली, आणि शून्य चुकांचा तो समाधानकारक पडदा अर्ध्याहूनही कमी रात्रीचा निघाला.

नुकसान काहीच नाही, उलट लाभच झाला. विंडोज, तिचे ड्रायव्हर, एसएसडीवरच्या फायली, हे सगळे एका रात्रीत संशयितांच्या यादीतून बाहेर पडले. एसएमपीएस आधीच बाहेर होता. उरले प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, आणि माझी जोडणी.

२४ एप्रिल

कंटाळा येऊन आज आवाजाकडे वळलो. कॅबिनेटच्या आवाजाची गंमत अशी की, तो सगळीकडून येतो असे वाटते, कारण पत्रा स्वतःच वाजत असतो. कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक कानाला आणि दुसरे एकेका पंख्याच्या मध्यभागापासून बोटभर अंतरावर धरले. कूलरचा पंखा नुसता वारा घालतो. मागचा शांत आहे. पुढचा वरचा बरा आहे. पुढचा खालचा पंखा मात्र १,२०० फेऱ्यांच्या वर गेला की घरघरायला लागतो, आणि चिमटीत धरून हलवल्यावर त्याचे चाक अक्षावर स्पष्ट डुगडुगते. बेअरिंग झिजले आहे. तो १,४४० फेऱ्यांवर असताना पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवला, तर सेकंदाला चोवीस ठोक्यांची बारीक थरथर मनगटापर्यंत जाणवते. हार्ड डिस्कचा पिंजराही त्याच चौकटीला स्क्रूने बांधलेला असल्याने तोही सोबत वाजतो. ग्राफिक्स कार्डातून अधूनमधून येणारी बारीक शीळ ही वेगळी गोष्ट. ती त्याच्या वेटोळ्यांची आहे आणि तिच्याने काही बिघडत नाही.

हे लिहीत असताना बहीण म्हणाली, “जायच्या आधी ती घरघर वाढतेच की. मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतेय.” सांगत होती, हे खरे. मी ते ‘तापतो म्हणून पंखे वाढतात’ या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

रात्री वही पहिल्या पानापासून वाचली आणि दिसले ते असे: माझ्या एकाही चाचणीत ताप आणि पंख्यांची गती वेगळी झालेलीच नाही. पत्रा काढला तेव्हा तापमान उतरले आणि पंखेही मंदावले. धूळ काढली, पेस्ट बदलली, प्रत्येक वेळी दोन्ही बरोबरच खाली आले. यंत्र कमी वेळा जाऊ लागले ते ताप कमी झाल्याने की थरथर कमी झाल्याने, हे माझ्या आकड्यांतून सांगताच येत नाही.

२६ एप्रिल

दोन्ही वेगळे करण्याची चाचणी. यंत्र रात्रभर बंद ठेवले, सकाळी सुरू करून थेट बायोसमध्ये गेलो, कॅबिनेटचे पंखे कायम पूर्ण गतीवर लावले आणि तिथेच बसून राहिलो. रेंडर नाही, विंडोज नाही, ग्राफिक्स कार्डावर भार नाही. बायोसच्या पडद्यावर प्रोसेसर विजेची फारशी बचत करत नाही, तरी तापमान ४६. पंचविसाव्या मिनिटाला यंत्र पुन्हा सुरू झाले. पुन्हा केले: ११ मिनिटे. पुन्हा: ५२.

मग उलट बाजू. पुढचे दोन्ही पंखे काढून ठेवले, कूलरचा पंखा मुद्दाम अर्ध्या गतीला बांधला आणि रेंडर लावले. प्रोसेसर ८८ अंशांवर गेला. चार तासांत एकदाही गेले नाही. चार तास हा काळ पुरावा म्हणून तोकडा आहे, पण आधीच्या तीन आकड्यांशेजारी ठेवला की वजनदार वाटतो. थंड यंत्र थरथरले की जाते, तापलेले यंत्र स्थिर असले की जात नाही.

आज पहिल्यांदाच तो क्षण डोळ्यांसमोर घडला. पंखे थांबले नाहीत, त्यांचा सूरही बदलला नाही. वीजदिवा विझला नाही. हार्ड डिस्क थांबून पुन्हा वेग घेताना जो हुंकार देते तो ऐकू आला नाही. फक्त पडदा काळा झाला आणि बोर्डाची सुरुवातीची खूण उमटली. हे आपण आधी कुठे पाहिले आहे असे वाटत राहिले, आणि मग हात आपोआप कॅबिनेटच्या पुढच्या रीसेट बटणाकडे गेला. ते दाबले. हुबेहूब तेच.

२७ एप्रिल

मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून रीसेटचा दोन तारांचा छोटा प्लग काढून टाकला. पंखे पूर्ण गतीवर, यंत्र बायोसमध्ये. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, दहा तास: एकदाही नाही.

तेवढ्यावर न थांबता आणखी एक चाचणी केली, आणि या महिन्याभरातली सगळ्यांत आवडलेली चाचणी तीच. रीसेटच्या दोन पिनांपैकी एक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूला, जाते. दुसरीवर बोर्डाने एका रेझिस्टरमार्गे हलके व्होल्टेज धरून ठेवलेले असते. बटण दाबले की दोन्ही तारा एकमेकींना भेटतात, ते व्होल्टेज शून्यावर येते आणि बोर्ड सगळ्या भागांना पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. बटणाला उलटसुलट नसते, त्यामुळे प्लग कसाही लावला तरी बटण चालते. पण कॅबिनेटचा पत्रा हाही ग्राउंडच असतो. तेव्हा एकाच तारेचे तांबे उघडे पडून पत्र्याला लागत असेल, तर ती तार संकेताच्या पिनेवर असताना यंत्र जाईल, आणि तीच तार ग्राउंडच्या पिनेवर असताना काहीही होणार नाही. प्लग उलटा करून लावला: तीन तास शांत. पूर्वीसारखा सुलटा लावला: १८ मिनिटांत गेले. दोष बटणात नाही, दोष एका विशिष्ट तारेत आहे, आणि तो तारा न तपासताच कळला.

त्यानंतर वीज पूर्ण काढली, प्लग सोडवला आणि मल्टिमीटर जोडणी तपासण्याच्या खुणेवर ठेवून एक टोक पत्र्यावरच्या रंग नसलेल्या स्क्रूला, दुसरे निळ्या तारेच्या, म्हणजे सुलट्या प्लगात संकेताच्या पिनेवर येणाऱ्या तारेच्या, पिनेला लावले. आवाज नाही. मग डाव्या हाताने केबलचा जुडगा पुढच्या पत्र्यापासून मागेमागे चाचपत आणला. पंख्याच्या चौकटीतून बोर्डाच्या पाठीमागे जाण्याचे जे भोक आहे, तिथे बोट टेकताच मल्टिमीटर ‘टिक’ असा एकच तुटक वाजला. पुन्हा दाबले, पुन्हा वाजला.

उजवीकडचा पत्रा काढून टॉर्चने पाहिले. त्या भोकाला रबरी कडे नाही, पत्र्याची कापीव कड तशीच उघडी आहे. पुढून येणाऱ्या सगळ्या बारीक तारा मी केबल टायने आवळून त्या कडेवरून ओढून घेतल्या होत्या, म्हणजे मागची बाजू नीटनेटकी दिसावी. उजवा पत्रा लावला की जुडगा कडेवर आणखी दाबला जाई, आणि तिथून चार बोटांवर तो डुगडुगणारा पंखा. निळ्या तारेच्या आवरणावर ब्लेडने घ्यावी तशी आडवी चीर होती आणि आत तांब्याचा ठिपका चमकत होता, मोहरीएवढाही नाही. हिरव्या-पांढऱ्या शेजारणींवर नुसता ओरखडा. पॉवर बटणाची तार जुडग्याच्या मध्ये असल्याने सुरक्षित राहिली. तिचे तसे झाले असते तर यंत्र अधूनमधून झोपायला किंवा बंद व्हायला लागले असते, आणि शोध कदाचित लवकर लागला असता.

२८ एप्रिल

दुरुस्तीचे काम वीस मिनिटांचे. निळ्या तारेची प्लगमधली पिन सोडवून तिच्यावरून हीटश्रिंक नळी सरकवली आणि गरम हवेने आवळली. भोकाच्या कडेला जुन्या केबलचे उभे चिरलेले जाड आवरण बसवले. जुडग्याचे केबल टाय कापून तो सैल ठेवला आणि कडेपासून दूर वेगळा बांधला. मागची बाजू आता पूर्वीइतकी देखणी राहिलेली नाही. प्लग सुलटा, म्हणजे दोष दाखवणाऱ्या दिशेनेच लावला, पंखे पूर्ण गतीवर ठेवून बारा तास: एकदाही नाही. उसना एसएमपीएस काढून माझा परत बसवला आणि त्यावर आणखी एक दिवस चालवला.

३ मे

पुढचा खालचा पंखा बदलला, द्रव बेअरिंगचा आणला. त्याबरोबर पंख्यांची आखणीही नव्याने केली. पंख्याची गती निम्मी केली की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. उलट सारख्या आवाजाच्या एका पंख्याशेजारी दुसरा लावला तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे रमतगमत चालवणे केव्हाही परवडते. पुढचे दोन्ही ७५० फेऱ्यांवर, ७० अंशांपर्यंत हलायचेच नाहीत, आणि त्यापुढे हळूहळू १,१०० पर्यंत. बायोसमध्ये तापमान बदलल्यावर पंख्याने प्रतिसाद द्यायच्या आधी थांबण्याचा वेळ असतो, तो काही सेकंदांनी वाढवला. नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा धाप लागल्यासारखा वरखाली होतो.

खोली ३२, अर्ध्या तासाच्या रेंडरनंतर प्रोसेसर ७७, फरक ४५. पंख्यांच्या जुन्या आखणीत तो ४३ होता. दोन अंशांच्या बदल्यात एवढी शांतता मिळत असेल तर ती घ्यावी, असे माझे मत. बहिणीने मत दिले नाही, पण दार उघडे ठेवून काम करू लागली आहे.

१८ मे

दुरुस्तीनंतर वीस दिवस. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ची एक नोंद आहे, ती १० मेची, खोलीतली वीज गेली तेव्हाची.

वहीत एक दुरुस्ती करायची राहिली होती, ती आज केली. ९ एप्रिलच्या पानावरची ‘ताप हेच कारण, हे आता सिद्ध झाले’ ही ओळ खोडलेली नाही, तिच्यापुढे ‘चूक, २६ एप्रिल पाहा’ असे लिहिले. पहिल्या दिवशीची साखळीही पूर्ण खोटी नव्हती, तिच्यातला एक दुवाच तेवढा चुकला होता: ताप पंख्यांना पळवत होता, पळणारा पंखा पत्रा हलवत होता, आणि यंत्राला उठवत होता तो पत्रा. मित्राचा एसएमपीएस त्याच्या सगळ्या केबल मोजून परत दिला. झिजलेला पंखा अजून टेबलाच्या खणात आहे. त्यावर मार्करने ‘१,२०० च्या वर घरघर’ असे लिहिले आहे, म्हणजे पुढे कधीतरी मीच तो चांगला समजून कुठे लावणार नाही.